डेमॉनिक रिझरेक्शन : असुराचे सोंग आणि त्याची संस्था

मुंबईत २००० साली साहिल मखिजा या तरुणाने ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ नावाचा बँड काढला आणि त्याच वर्षी ‘डेमनस्टीलर’ हा पहिला अल्बम केला. डेमनस्टीलर हे त्याचे स्वतःचेही रंगमंचावरचे नाव. राक्षस, मृत्यू, अंधार, सूड हे या बँडचे विषय. खरखरीत गिटार, दोन्ही पायांनी धडधडत ठेवलेला ड्रम, त्यावर पसरणारे कीबोर्डचे गंभीर सूर आणि माणसाचा वाटू नये असा गळा ही त्याची सामग्री. आपल्याकडे स्मरणिकेत ज्या संस्थांचे इतिहास छापतात त्यांची घटना असते, कार्यकारिणी असते, माजी अध्यक्षांची छायाचित्रे ओळीने लागलेली असतात. बँडकडे त्या नजरेने पाहायची आपल्याला सवय नाही. चार पोरे जमली, वाजवून मोकळी झाली, एवढेच आपण धरून चालतो. या लेखाचे म्हणणे वेगळे आहे. भीतीचे सोंग रंगवणारी कला सोंगाच्या जोरावर एखादी रात्र गाजवते. वर्षानुवर्षे उभी राहायची तर तिच्यामागे संस्था लागते, म्हणजे ठरलेली जागा, ठरलेली तारीख, पैशाची वाट आणि पुढची पिढी. डेमॉनिक रिझरेक्शनचा इतिहास हा या चार गोष्टी शून्यातून उभ्या करण्याच्या खटपटीचा इतिहास आहे. पेण आणि रोह्याच्या वाचकाला तो सांगावासा वाटतो, कारण हा पट्टा मुंबईइतकाच तळकोकणाशीही जोडलेला आहे. मध्य रेल्वे रोह्याला संपते आणि कोकण रेल्वे तिथूनच सुरू होते. वर मुंबईतला हा बँड आणि खाली तळकोकणातले दशावतारी, दोघेही असुर नाचवतात. दोघांच्या संस्था मात्र एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत.

आधी भीती कशी तयार होते ते पाहू, कारण तिथे एक गैरसमज आहे. काळा झगा, मुखवटा, रंगवलेला चेहरा यांत भीती असते असे बाहेरून वाटते. या परंपरेचा पाश्चात्त्य इतिहासही तसाच सांगितला जातो. अमेरिकेतला स्क्रीमिन जे हॉकिन्स १९५० च्या दशकात शवपेटीतून उठून गाऊ लागला, इंग्लंडमध्ये स्क्रीमिंग लॉर्ड सचने तीच युक्ती उचलली, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲलिस कूपरने रंगमंचावर गिलोटिन आणि जिवंत साप आणला. पण इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टन गावातल्या ‘बाउहाउस’ या बँडने १९७९ मध्ये ‘बेला लुगोसीज डेड’ हे नऊ मिनिटांहून लांब गाणे काढले, तेव्हा त्यातली भीती ध्वनिमुद्रिकेवरच होती. ती ऐकणाऱ्याला झगा दिसत नव्हता. ड्रमच्या काडीचा कोरडा ठोका, त्यामागून फिरणारा प्रतिध्वनी आणि गायकाने किती तरी वेळ तोंड न उघडणे, एवढ्यावर ते गाणे उभे राहिले. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात ‘बॅटकेव्ह’ हा क्लब सुरू झाल्यावर काळ्या कपड्यांची टूम आली. डेमॉनिक रिझरेक्शनचे नाते या गॉथिक म्हणवल्या जाणाऱ्या मंडळींशी दूरचे आहे, जवळचे नाते हेवी मेटल संगीताशी. पण ध्वनीचा हा धडा त्यांनी पुरता घेतला. मखिजा दोन गळ्यांनी गातो. एक स्वच्छ, सुरेल, माणसाचा. दुसरा गुरगुरणारा. या दुसऱ्या आवाजात नुसत्या आरडाओरडीने भागत नाही. स्वरयंत्रात खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी एक जोडी असते, एरवी ती बोलण्यात फारशी भाग घेत नाही. पोटातून श्वासाचा नेमका दाब देऊन तिला कंप द्यावा लागतो. दाब चुकला तर घसा सोलवटतो आणि आठवडाभर साधे बोलणेही कठीण होते. म्हणजे हा रियाजाचा विषय आहे. एकाच गाण्यात माणूस आणि असुर आळीपाळीने बोलू लागतात तेव्हा मुखवट्याचे काम गळाच करतो.

मराठी रंगभूमीला हे नवीन नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तिथून आपण आधुनिक मराठी रंगभूमी मोजतो. त्या काळच्या पौराणिक खेळांत राक्षसपार्टी हे मोठे आकर्षण होते. रंगवलेली तोंडे, तलवारी, राळेचा भपकारा आणि राक्षसांची आरोळी. त्या आरोळीवरूनच पुढे अशा खेळांना ‘अललडुर्र’ नाटके हे नाव पडले, ते हेटाळणीने. समीक्षकांनी ती राक्षसपार्टी बालिश ठरवली आणि आपण ते मान्य करून टाकले. पण सांगलीच्या या खेळांच्या इतिहासात दुसरी एक गोष्ट आरोळीहून महत्त्वाची आहे. भाव्यांना आश्रय होता तो सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा. १८५१ मध्ये ते वारले आणि दरबारचा आधार तुटला. मग मंडळी घेऊन गावोगाव फिरणे आले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ करणे आले. सोंगे तीच राहिली, संस्था बदलली, आणि त्या बदलातून धंदेवाईक मराठी नाटक जन्माला आले. तळकोकणात दशावतारी मंडळींनी निराळी वाट धरली. सिंधुदुर्गात कार्तिकापासून देवळांच्या जत्रा सुरू होतात. कोणत्या जत्रेला कोणत्या कंपनीचा खेळ हे बहुतेक ठिकाणी परंपरेने ठरलेले असते. रात्री मृदंग, झांज आणि पायपेटी यांच्या साथीत आधी आडदशावतार होतो. त्यात गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो आणि मग वेद चोरणारा काळा संकासुर येतो. विष्णू त्याला मारतो, मगच मुख्य आख्यान सुरू होते. रंगमंचावर एका बाकड्यापलीकडे सामान नसते. नट आपले तोंड आपणच रंगवतो, संवाद लिहिलेले नसतात, आणि पूर्वी खेळ संपला की रात्रीचा राजा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट चालू लागे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या नमन-खेळ्यांतही शिमग्याला संकासुर येतो. काळा पायघोळ वेश, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. पोरे पळत सुटतात ती तो दिसण्याआधीच, कारण घुंगरांचा आवाज कोपऱ्यापलीकडूनच येतो.

आता २००० सालच्या मुंबईतल्या एका तरुण वादकाच्या हाती काय होते ते या पार्श्वभूमीवर पाहावे. त्याला जत्रा नव्हती. कॉलेजांचे महोत्सव होते, पण तिथे परदेशी बँडची गाजलेली गाणी हुबेहूब वाजवण्याची रीत होती, स्वतःची गाणी ऐकून घेण्याची तयारी कमी. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव मुंबईच्या रॉकवाल्यांचा खरा मेळा होता आणि धोबी तलावाजवळचे उघडे रंगभवन हे त्याचे देऊळ. नेमक्या २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या आजूबाजूला रुग्णालयेही होती आणि कॉलेजही. तिथले मोठे संगीत कार्यक्रम पुढे बंद पडले. नियम योग्यच होते. आजारी माणसाच्या झोपेपुढे गिटारचा हट्ट टिकू नये. पण परिणाम असा झाला की ज्या संगीताला आधीच घर नव्हते त्याचे अंगणही गेले. मखिजाने यावर जे केले ते या बँडच्या इतिहासातले सगळ्यांत महत्त्वाचे पान आहे, अल्बमच्या यादीपेक्षाही. त्याने ध्वनिमुद्रणाचे तंत्र शिकून स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि तिथे स्वतःबरोबर इतर बँडचेही काम केले. ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही ध्वनिमुद्रिका काढणारी संस्था काढली आणि तिच्यातर्फे इतर भारतीय मेटल बँडचे अल्बमही बाजारात आणले. ‘रिझरेक्शन’ नावाने कार्यक्रमांची मालिका भरवली, म्हणजे स्वतःची जत्रा स्वतः लावली. जागा, तारीख, पैसा या तीन गोष्टी एका माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी अशा रीतीने रचल्या. या रचनेतून २००५ मध्ये ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ आणि २०१० मध्ये ‘द रिटर्न टू डार्कनेस’ हे अल्बम आले. मधल्या काळात, मार्च २००७ मध्ये, इंग्लंडचा ‘आयर्न मेडन’ हा बँड बंगळुरात आला. एडी नावाचे भले थोरले भूत रंगमंचावर फिरवणारा हा बँड. त्या रात्रीनंतर या संगीताला भारतात श्रोता आहे की नाही हा वाद उरला नाही. श्रोता होताच. त्याला वर्षभर धरून ठेवणारी व्यवस्था नव्हती.

२०१० हे वर्ष बँडच्या वाट्याला आलेले मोठे वर्ष. ‘कँडललाइट रेकॉर्ड्स’ या परदेशी कंपनीने ‘द रिटर्न टू डार्कनेस’ बाहेरच्या देशांत काढायला घेतला, नॉर्वेतल्या ‘इन्फर्नो’ महोत्सवात बँड वाजला, आणि ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश मासिकाच्या ‘गोल्डन गॉड्स’ पुरस्कारांत ‘ग्लोबल मेटल’ हा सन्मान मिळाला. नॉर्वे हा या संगीताच्या काळ्या शाखेचा बालेकिल्ला. मुंबईच्या बँडने तिथे जाऊन वाजवणे हा मान मोठाच. पण संस्थेच्या अंगाने पाहिले तर या यशाचा घरी उपयोग मर्यादित झाला. युरोपात असे महोत्सव दर वर्षी त्याच गावी, त्याच सुमारास भरतात. श्रोता वर्षभर आधी तिकीट काढतो आणि बँडला पुढच्या उन्हाळ्याचे गणित मांडता येते. तिकडच्या मानाने इकडची तारीख पक्की होत नाही. पुरस्कार घेऊन परतलेल्या बँडला मुंबईत पुन्हा जागा शोधण्यापासूनच सुरुवात. आपल्या नाट्यसंस्थांचा राज्य नाट्यस्पर्धेचा अनुभव थोडाफार असाच असतो. बक्षीस येते, कपाटात बसते, आणि पुढच्या प्रयोगाला हॉल मिळेल का हा प्रश्न तसाच राहतो.

या बँडबद्दल पहिला आक्षेप घेतला जातो तो नकलेचा. भाषा इंग्रजी, वाद्ये परकी, आरोळी नॉर्वेची, मग यात आपले काय? आक्षेप हलका नाही. पहिल्या दशकातली डेमॉनिक रिझरेक्शनची पुष्कळ रचना युरोपीय नमुन्यांवर बेतलेली आहे आणि कीबोर्डचा साजही त्याच वळणाचा आहे. पण आपल्या रंगभूमीचा जन्म आठवला तर परक्या नमुन्याचे एवढे वावडे मानण्याचे कारण उरत नाही. भाव्यांपुढे नमुना होता तो कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाचा. कंपनी नाटकांनी पेटी उचलली, ती युरोपात घडलेल्या वाद्यावरून आलेली. आज पायपेटीशिवाय दशावतार सुना वाटतो. प्रश्न उसने घेतल्याचा नाही, घेतलेल्याचे पुढे काय केले हा आहे, आणि त्याला बँडने २०१७ मध्ये उत्तर दिले. त्या वर्षी ‘दशावतार’ नावाचा अल्बम आला. दहा गाणी आणि दहा अवतार, मत्स्यापासून कल्कीपर्यंत, क्रमाने. भारतीय वाद्यांचे आणि स्वरांचे वळण त्यात उघड आले. मत्स्यावताराची कथा म्हणजे वेद चोरीला जाण्याची आणि परत मिळवण्याची कथा. सिंधुदुर्गातल्या देवळापुढे आडदशावतारात संकासुर जिथे उभा राहतो तिथेच हा अल्बम सुरू होतो. मुंबईच्या तालीमखोलीतून निघालेली वाट सतरा वर्षांनी त्या बाकड्यापाशी पोचली, आणि ती कोणी वळवून आणलेली नव्हती. भीतीचे सोंग धरणाऱ्याला आपल्या मुलखात कथा शोधायची तर शेवटी पुराणांकडेच यावे लागते, कारण आपले असुर तिथे राहतात. नरसिंहाने खांब फोडून बाहेर येणे यापेक्षा भेदक प्रवेश जगातल्या कोणत्या भयनाट्यात आहे? गुरगुरणारा गळा आणि विजेच्या वेगाचा ड्रम यांना तो प्रसंग परका वाटत नाही, उलट तो त्यांच्या मापाचाच आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. दशावतारात असुर येतो तो मरण्यासाठी. रात्र संपते, देव जिंकतो, दहिकाला होतो आणि माणसे निर्धास्त घरी जातात. खेळ्यांतल्या संकासुरालाही लोक नवस बोलतात, लेकरू त्याच्या पुढ्यात देतात. ते भय देवाच्या अंगणातले आहे. या बँडचा असुर मात्र मोकाट आहे. २०१४ च्या अल्बमचे नावच ‘द डेमन किंग’, आणि तिथे मारणारा विष्णू नाही. या फरकावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. फरक खरा आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पण तो आपल्या निष्कर्षाला बळच देतो. जत्रेतला असुर निर्धोक असतो, कारण त्याच्याभोवती संस्था असते. कुठून यायचे, कधी यायचे, कुणाच्या हातून मरायचे, सगळे ठरलेले. श्रोत्याला तो करार ठाऊक असतो म्हणून तो पोटभर घाबरून घेतो. ज्या संगीताला देऊळ नाही, जत्रा नाही, पहाट नाही, त्याचा असुर मोकाट वाटणारच. तरीही या संगीताच्या श्रोत्यांनी आपला करार घडवला आहे. रंगमंचापुढे वर्तुळ करून एकमेकांवर आदळणारी तरुण मुले बाहेरून दंगल केल्यासारखी दिसतात, पण कोणी खाली पडला की त्याला हात देऊन उठवायचे हा त्या वर्तुळातला पहिला नियम आहे आणि तो जगभर पाळला जातो. लिहिलेला नसूनही पाळला जाणारा नियम ही संस्थेची सुरुवात असते. आणि दशावताराच्या श्रोत्याला तरी नुसता विष्णूच पाहायचा असतो का? मालवणीत बोलणारा, ब्रह्मदेवाची फिरकी घेणारा संकासुर आला की झोपेला आलेली माणसे सावरून बसतात. असुरावर लोभ ठेवण्याची सवय आपल्याला या बँडने लावलेली नाही.

तिसरा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो, निदान अर्धा. डेमॉनिक रिझरेक्शन ही संस्था कसली, तो तर एका माणसाचा उपक्रम. वादक आले आणि गेले. मेफिस्टो या नावाने कीबोर्ड वाजवणारा सोबती दीर्घकाळ बरोबर होता. गिटार, बास, ड्रम यांवर हात बदलत राहिले. बँड, स्टुडिओ, ध्वनिमुद्रिका कंपनी, कार्यक्रम या सगळ्यांचा खांब एकच. २०२३ मध्ये मखिजाने ‘द प्रोपगंडा मशीन’ हा अल्बम केला तो बँडच्या नावाने नाही, डेमनस्टीलर या स्वतःच्या नावाने, देशोदेशीचे वादक बोलावून. चौथी गोष्ट, पुढची पिढी, इथे उभी राहिली नाही. पण हा दोष या बँडचा एकट्याचा नाही, या कलाप्रकाराचाच तो जुना रोग आहे. ॲलिस कूपर हे आधी पाच जणांच्या बँडचे नाव होते. १९७० च्या दशकाच्या मध्यावर बँड फुटला आणि नाव एका गायकाबरोबर गेले. स्वीडनच्या ‘घोस्ट’ या बँडमध्ये तर वादक मुखवट्याआड निनावी ठेवलेले. २०१७ मध्ये त्यातल्या चार माजी वादकांनी म्होरक्या टोबियास फोर्ज याच्यावर दावा लावला. आम्ही भागीदार होतो, नफ्यात वाटा द्या, हे त्यांचे म्हणणे. पुढच्या वर्षी लिनशॉपिंगच्या न्यायालयाने निकाल फोर्जच्या बाजूने दिला. भागीदारी होती असे ठरले नाही. मुखवटा ज्याने घडवला, संस्था त्याची, असा त्याचा व्यवहारी अर्थ. दशावतारी कंपनीतही मालक असतो आणि नटाला नाइटप्रमाणे पैसे मिळतात, तेव्हा आपल्याकडे सारे समतेने चालते असे समजण्याचे कारण नाही. फरक इतकाच की कंपनीचा मालक बदलला, नट दुसऱ्या कंपनीत गेला, तरी संकासुराची भूमिका मागे राहते. ती कोणाच्या नावावर नाही. विंगेत बसलेला पोर ती पाहून पाहून शिकतो आणि एके रात्री मोठा नट आजारी पडला की उभा राहतो. डेमनस्टीलरचे सोंग दुसऱ्या कुणाला घेता येईल का? आज तरी नाही. आधुनिक कलेत सोंग हे कलाकाराच्या सहीसारखे असते. ते त्याचे वैभव आहे, आणि त्याच्या संस्थेची मर्यादाही तिथेच आहे.

आता पेण-रोह्याचे. या दोन गावांना भीतीच्या रंगमंचाची सामग्री बाहेरून आणावी लागणार नाही. पेणच्या आणि हमरापूर-जोह्याच्या मूर्तिशाळांत माती, साचा, रंग यांवरची हुकमत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि मूर्तीच्या मुद्रेचा प्राण डोळ्यांच्या आखणीत असतो हे तिथल्या कारागिराला कोणी सांगायला नको. भुवई किंचित उचलली, बुबुळ किंचित वर सरकवले की प्रसन्न मुद्रा उग्र होते. उत्सवातल्या देखाव्यांत महिषासुर आणि तारकासुर याच हातांचे असतात. आवाजाची सामग्रीही आहे. रायगडचा खालूबाजा, त्यातली सनई आणि ढोल, हा रात्रीच्या मोकळ्या हवेत दूरवर पोचण्यासाठीच घडलेला वाद्यमेळ आहे. आगरी-कोळी वस्तीतल्या बँजो पार्ट्यांनी तर विजेवरची वाद्ये केव्हाच आपलीशी केली आहेत. लग्नहळदीच्या हंगामात त्यांच्या तारखा लागतात, वादकांचे पैसे ठरतात, पोरे मोठ्यांच्या मागे बसून तयार होतात. जागा, तारीख, पैसा, पुढची पिढी या चारही गोष्टी त्यांच्याकडे आहेत. डेमॉनिक रिझरेक्शनला जे शून्यातून रचावे लागले त्यातले पुष्कळ इथे रचलेले पडून आहे. रोह्याला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस सशस्त्र मानवंदना देतात आणि सारे गाव त्या तारखेवर आपले वर्ष बेतते. इतकी पक्की तारीख मुंबईतल्या कुठल्या महोत्सवाच्या नशिबी आलेली नाही.

यावर कोणी म्हणेल की देवाच्या उत्सवात मेटलचा धुडगूस नको. नकोच, आणि इथे तसे सुचवलेलेही नाही. पालखीचा मान पालखीला. पण उत्सव मंडळांकडे वर्षाचे बाकीचे महिनेही असतात, शाळांचे बंदिस्त हॉल असतात, आणि ध्वनिक्षेपकाची रात्रीची बंदी मूळ नियमांतच बंदिस्त सभागृहाला लागू नाही, आवाज बाहेर जाऊ दिला नाही तर. उघड्यावरच्या सांस्कृतिक कार्यक्रमांना दहा ते बाराची सवलत वर्षातून पंधरा दिवसांपलीकडे देता येत नाही आणि ते दिवस उत्सवांनाच पुरत नाहीत. म्हणून नव्या संगीताचे घर चार भिंतींचेच असणार. ज्या मंडळाला आपल्या गावातल्या गिटारवाल्या मुलांसाठी काही करायचे आहे त्याने आधी त्यांना एक खोली द्यावी. भिंतींना आवाज शोषणारे जाड अस्तर लावावे, आठवड्यातले दोन दिवस ठरवून द्यावेत, आणि वर्षातला एक दिवस कार्यक्रमाचा म्हणून दिनदर्शिकेवर कायमचा छापावा. त्या मुलांनी शिमग्यातला असुर घ्यावा, पुराणातला घ्यावा, की कुंडलिकेच्या काठावरच्या भुताखेतांच्या गोष्टींतून स्वतःचा नवा घडवावा, हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. मंडळाने अट एकच घालावी. बँडमध्ये जो गुरगुरणारा गळा असेल त्याच्या मागे पहिल्या वर्षापासून दुसरा एक गळा तालमीला बसलेला असावा, आणि सोंगाचे नाव गायकाच्या नावावर न लावता बँडच्या वहीत लिहिलेले असावे.